पेटीवालीचा डावा हात आणि पियानोची यादी

पेटी मी लहानपणी सात-आठ वर्षं वाजवली. क्लास वगैरे काही नाही, आजोबा आमच्या आळीतल्या भजनी मंडळात वाजवायचे, त्यांच्या शेजारी बसून बसून आली, आणि ते थकले तेव्हा एकादशीला साथीला मीच. त्यामुळे २०२१ मध्ये लेकीसाठी डिजिटल पियानो घेतला, चांगला ८८ कीजचा, वेटेड कीजवाला, म्हणजे दाबायला खऱ्या पियानोसारख्या जड, आणि तिने चार महिन्यांत त्याला रामराम ठोकला, तेव्हा एवढे पैसे घातलेत तर आपणच वाजवू म्हणून मी बसले. मनात म्हटलं मला काय अवघड आहे, सूर तेच, पट्ट्या त्याच, फक्त लांबी जास्त. हा समज उतरायला दीड वर्ष गेलं. त्यातलं निम्मं तर चुकीचे पीस निवडण्यात गेलं, म्हणून हे लिहितेय.

पहिला पीस कुठला घेतला असेल? फ्युर एलिझ. दुसरं काय घेणार! ऑफिसच्या फोनवर होल्ड केलं की तीच वाजायची, वर्षानुवर्षं कानात बसलेली. सा पांढरी सहावर, म्हणजे ए वर, धरला की सुरुवात अगदी सरळ आहे, प तीव्र म प तीव्र म प, मग रे, शुद्ध म, कोमल ग, सा. दोन्ही मध्यम एकापाठोपाठ, काय गोड लागतं! अर्ध्या तासात उजव्या हाताला आली. मी नवऱ्याला हाक मारून ऐकवली, तो म्हणाला वा, आणि डावा हात? डावा हात मांडीवर होता. भात्याला हात लागेना म्हणून बिचारा तिथेच पडून होता.

मग ते व्हिडिओ असतात ना, वरून रंगीत पट्ट्या पडत येतात आणि त्या त्या कीवर आदळतात, ते बघून डावा हात बसवायला घेतला. पहिलं पान तीन आठवड्यांत आलं. आणि मग पुढे जे आहे ते कोणी सांगितलंच नव्हतं, कारण रिंगटोनमध्ये ते नसतंच. सुरुवातीची ती ओळखीची चाल संपली की एकदम एफ मेजरमध्ये जाऊन बारीक बारीक सुरांची झुंबड येते, मग परत ओळखीची चाल, आणि मग डावा हात खालचा ए ठोकत बसतो, तो पण कंटाळा न करता एकसारखा, आणि त्यावर उजवा हात रागावलेला. तीन महिने मी त्या मधल्या भागाशी झटापट केली. फ्युर एलिझचं पहिलं पान येणारी माणसं पायलीला पन्नास आणि पूर्ण येणारी मोजकी, मी त्या पन्नासात. गंमत म्हणजे बीथोव्हेनने हे १८१० मध्ये लिहिलं आणि छापून आलं १८६७ मध्ये, तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. त्याने स्वतः काही हे नवशिक्यांसाठी म्हणून बाजारात आणलं नव्हतं, आपणच ते नवशिक्यांच्या गळ्यात मारलंय.

तर मग मी शहाणी झाले, म्हणजे मला तसं वाटलं. ठरवलं की नीट क्रमाने जायचं, सोप्याकडून अवघडाकडे. नोकरी अकाउंट्सची, त्यामुळे हात आपोआप एक्सेलकडे गेले. एबीआरएसएम म्हणून संगीताच्या परीक्षा घेणारी संस्था आहे, तिचा सिलॅबस नेटवर बघायला मिळतो, इनिशियल आणि मग ग्रेड १ ते ८. ट्रिनिटी ही तशीच दुसरी संस्था, तिचा वेगळा. हेन्ले नावाचे जर्मन प्रकाशक आहेत, त्यांनी प्रत्येक पीसला १ ते ९ आकडे दिलेत, १ ते ३ सोपे, ४ ते ६ मध्यम, ७ ते ९ अवघड. आणि जुनी पुस्तकं स्वतःच क्रमाने लावलेली असतात. मी साठेक पीस गोळा केले, प्रत्येकापुढे दोन-तीन ठिकाणचे आकडे, सोप्याला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, अवघडाला लाल. शनिवार-रविवार त्यातच. नवरा म्हणाला अगं, पण वाजवतेस कधी?

यादी करताना एक लक्षात आलं, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकीकडे सोपा म्हणून लिहिलेला पीस दुसरीकडे दोन पायऱ्या वर. मला वाटायचं कोणाची तरी चूक असेल, ताळेबंद जुळत नाही म्हणजे कुठेतरी एंट्री चुकली आहे, आपला पिंडच तो. चूक वगैरे कोणाची नव्हती, पण ते मला मिस भेटेपर्यंत कळलं नाही.

मिस म्हणजे कॅम्पात राहणाऱ्या सत्तरीच्या पुढच्या बाई, मूळच्या मडगावच्या बाजूच्या, लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकलेल्या. गोव्यात जुन्या काळी गावागावांतल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना सूर वाचायला शिकवायचे, त्या परंपरेतल्या. घरात जुना उभा पियानो, पावसाळ्यात त्याचे दोन सूर हमखास उतरतात. मी पहिल्या दिवशी फ्युर एलिझचं पहिलं पान वाजवलं, त्यांनी मान हलवली. मग मी अभिमानाने एक्सेलचं प्रिंटआउट काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं नीट वाचली, खरंच वाचली, आणि विचारलं, "आनी दावो हात खंय आसा गो?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी मराठीत सांगितलं, तेही त्यांच्या पद्धतीने, की बाय, हे सगळे नंबर दोन हातवाल्या माणसाचे आहेत. तुझ्याकडे दीड हात आहे. उजवा हात ग्रेड ४ आणि डावा हात आज जन्मला.

आणि ते शंभर टक्के खरं होतं. पेटीवर डाव्या हाताने मी आठ वर्षं भाता हलवला होता, सूर एकही वाजवला नव्हता. लहान मुलाचे दोन्ही हात सारखेच अडाणी असतात म्हणून त्याला पुस्तकातला क्रम लागू पडतो. माझा उजवा हात पुढच्या वर्गात आणि डावा बालवाडीत, मग एका आकड्यात माझं अवघड-सोपं बसणार कसं? घरी येऊन मी एक्सेलमध्ये नवीन कॉलम घातला, "डावा हात काय करतो", आणि त्या कॉलमवर सॉर्ट मारलं. सगळी यादी उलटीपालटी झाली.

सुरुवात बार्टोकपासून झाली. हा हंगेरीचा संगीतकार, त्याचं मिक्रोकॉस्मॉस म्हणून सहा पुस्तकांचं काम आहे, १५३ पीस, १९२६ ते १९३९ एवढ्या वर्षांत केलेलं, अगदी पहिल्या दिवसापासून क्रमाने चढत जाणारं, पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला, पीटरला अर्पण केलेत. त्यातले पहिले सहा पीस म्हणजे दोन्ही हातांनी एकच चाल, फक्त सप्तक वेगळं. पाच बोटं, पाच सूर, हात हलवायचाच नाही. मला अपमान वाटला खरं तर. पेटीवर बऱ्यापैकी ताना मारणारी बाई आणि हे सा रे ग म प? पण दोन्ही हात एकत्र वाजवले की डाव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कसं मागे राहतं ते स्पष्ट ऐकू यायचं, लंगडणाऱ्या माणसाच्या पावलांसारखं. उजवा हात आरसा धरून उभा होता. महिनाभर तेच. चाली काही गोड नाहीत हं, आपल्या कानाला जरा रुक्षच लागतात, पुढे पुढे मात्र त्याची चटक लागते.

याच काळात दुसरी भानगड सुरू होती, वाचायची. मी स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या, खाली पेन्सिलने सरगम लिहायचे. त्या १७२५ च्या वहीतला जी मेजरचा मिन्युएट आहे ना, बाखने बायकोसाठी, ॲना माग्दालेनासाठी केलेली वही, त्यातला तो सगळ्यांना माहीत असलेला, प सा रे ग म प सा सा. तो बाखचा म्हणून किती वर्षं शिकवला गेला, आणि १९७० च्या दशकात सिद्ध झालं की तो ड्रेस्डेनच्या ख्रिस्तियान पेट्झोल्ड नावाच्या ऑर्गन वाजवणाऱ्याचा आहे. असो. तर मी सा पांढरी पाचवर धरून झकास सरगम लिहिली, पहिले १६ बार, म्हणजे उभ्या रेघांमधले तालाचे कप्पे, लोण्यासारखे गेले. दुसऱ्या भागात मध्येच सी शार्प, म्हणजे काळी एक, आला. आता हा तीव्र मध्यम म्हणायचा, की सा सरकून डी वर गेलाय आणि हा त्याचा शुद्ध निषाद म्हणायचा? मी खरंच आठवडाभर यावर विचार केला, दोन्ही पद्धतीने लिहून बघितलं. मिसना दाखवलं तर त्यांनी खोडरबर घेतला आणि सगळी सरगम पुसून टाकली, माझ्या डोळ्यांदेखत. "सी शार्प आहे, दाब." बस.

तेव्हा राग आला. पण त्यात निवडीचं एक सूत्र मिळालं. आपला सा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, तानपुरा तिथेच असतो. इकडे पीसच्या मध्यात सा घर बदलतो आणि परत येतो. म्हणून पेटीवरून येणाऱ्याने पीस बघताना सुरुवातीला किती शार्प-फ्लॅट आहेत हे बघून घाबरायचं कारण नाही, काळी एक काय आणि काळी पाच काय, आपल्याला सगळ्या पट्ट्या सारख्याच. बघायचं ते मध्येच किती नवीन शार्प, फ्लॅट, नॅचरल उगवतात ते. जितके जास्त उगवतात तितका आपला सा जास्त फिरणार.

मिन्युएटनंतर पुस्तकी क्रमाने अजून दोन वर्षं तरी जे हातात दिलं नसतं ते मिसनी दिलं, बाखचा सी मेजर प्रील्यूड, वेल टेम्पर्ड क्लाव्हियर या त्याच्या संग्रहातला पहिलाच. चर्चच्या लग्नात जे आवे मारिया गातात, गुनोचं, ते याच्याच वर रचलेलं आहे. ३५ बार, आणि शेवटचे दोन-तीन सोडले तर प्रत्येक बारमध्ये एकच नक्षी, डाव्या हाताचे दोन सूर, मग उजव्याचे तीन, परत तीन, आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन हातांची एकाच वेळी टक्कर जवळजवळ नाहीच, एकाने दिलं की दुसऱ्याने घ्यायचं, आरतीच्या ताटासारखं. डाव्याला फक्त दोन सूर आणि तेही विचार करायला वेळ देऊन. दीड हातवाल्यासाठी याहून चांगला पीस मला अजून सापडला नाही. यादीत माझ्याकडे तो पिवळा होता, हिरवा व्हायला तीन आठवडे लागले. उलट शुमानचा मेलडी नावाचा पीस, त्याच्या मुलांसाठीच्या अल्बममधला पहिल्या नंबरचा, म्हणजे कागदावर सगळ्यात सोपा, त्याने मला दीड महिना रडवलं, कारण त्यात उजवा हात गातो आणि डावा हात खाली अखंड न थांबता चालत राहतो, एक सूर सुटला की दुसरा, तोडायचं नाही. लहान मुलाला सोपा आणि मला लाल.

शुमानचं ते पुस्तक मात्र घ्याच. १८४८ मध्ये मोठ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी काही पीस लिहिले आणि त्यातून ते वाढत गेलं, ४३ पीस, पहिले १८ लहानांसाठी आणि पुढचे मोठ्या मुलांसाठी असे त्यानेच भाग पाडलेत. त्यात सोल्जर्स मार्च आहे, तो दोन्ही हातांनी एकत्र पाऊल टाकायचं म्हणून चांगला. वाइल्ड हॉर्समन आहे, त्यात चाल आधी उजव्या हातात आणि मधल्या भागात तीच चाल डाव्या हातात. आणि दहाव्या नंबरचा हॅपी फार्मर, ज्यात मुख्य गाणंच डाव्या हातात आणि उजवा हात वरून नुसता ठेका धरतो. हा वाजवला त्या दिवशी पहिल्यांदा मला डाव्या हाताने गाणं म्हटल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षं साथ करणाऱ्या माणसाला कोणीतरी पुढे बसवून गा म्हणावं, तसं. वेग कमीच होता, तो शेतकरी दमलेला वाटत होता, पण आनंदी होता.

क्लेमेंटीबद्दल मिसचं आणि माझं आजही पटत नाही. या संगीतकाराचे ओपस ३६ चे (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) सहा सोनाटिना, १७९७ चे, त्यातला पहिला सी मेजरचा तर क्लासला जाणाऱ्या प्रत्येक मुलाने वाजवलेला असतो. मला तो सोपा गेला. उजव्या हाताच्या सरळ ताना, डाव्याला थोडीशी टेकू देण्याची कामं, दोन आठवड्यांत पहिला भाग झाला, मी खूश, आणि मिस म्हणतात की तो तुझ्यासाठी निरुपयोगी आहे, त्याने तुझ्या उजव्या हाताची मिजास वाढते. मी म्हणते महिन्यातून एकदा तरी माणसाला कौतुक नको का? लेकीच्या वाढदिवसाला पाहुण्यांसमोर काय वाजवू, मिक्रोकॉस्मॉस? या मुद्द्यावर मी माघार घेतलेली नाही.

बुर्गम्युलरचे २५ एट्यूड, म्हणजे सरावाचे पीस, ओपस १००, हे मात्र दोघींना मान्य. चेर्नीचं ५९९ आणि हॅनन ही बोटांच्या व्यायामाची पुस्तकं मी महिना-दीड महिना करून बघितलं, व्यायाम म्हणून ठीक, पण संध्याकाळी सातला ऑफिसमधून येऊन हॅनन वाजवायला मी काही तपश्चर्येला बसलेले नाही. बुर्गम्युलरमध्ये व्यायाम असतो पण त्याला नाव असतं, गोष्ट असते. त्यातला दुसरा, अरबेस्क, ए मायनर, उजव्या हाताचे चार झटपट सूर आणि थांबा. उजव्याला खेळणंच. आणि मग मधल्या भागात तेच झटपट सूर डाव्या हातात देतो! मी तो भाग आधी शिकले, नुसता डावा हात, आठ दिवस, आणि मग बाकीचा. ही सवय आता कायमची लागलीय, नवीन पीस आला की पहिल्या बारपासून सुरू करायचं नाही, पानावर जिथे सगळ्यात जास्त शाई सांडलीय तो बार शोधायचा आणि तिथे आधी जायचं. फ्युर एलिझच्या वेळी एवढं केलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की हे आपलं नव्हे.

आता उलटी फसवणूक, कमी शाईचे पीस. शोपँचा ई मायनर प्रील्यूड, ओपस २८ नंबर ४. एक पान, २५ बार. उजव्या हाताला लांब लांब दोन-दोन सूर, डाव्याला तेच तेच कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे अनेक सूर, हळूहळू एकेक सूर खाली घसरत जाणारे. वाचायला सोपं म्हणून मी स्वतःच उचलला आणि चार दिवसांत सगळे सूर बरोबर वाजायला लागले, आणि ऐकायला ते दरवाजा ठोकल्यासारखं होतं. धप धप धप धप. शोपँच्या अंत्यविधीला हा वाजवला होता, आणि माझ्याकडे दूधवाला आल्यासारखा.

कारण पुन्हा पेटीच. पेटीवर बोट हळू ठेवा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच येतो. लहान-मोठा आवाज भात्यावर, म्हणजे डाव्या हातात. आणि सूर धरून ठेवला तर भाता आहे तोवर टिकतो. पियानोत सगळं उलटं, आवाज बोटाच्या वजनावर, आणि सूर वाजला की त्याच क्षणापासून मरायला लागतो, मग पुढचा सूर त्या उतरत्या आवाजाला जोडायचा. म्हणजे माझ्या बोटांना वजनाची अक्कल शून्य. एकाच हातातलं एक बोट जोरात आणि बाकीची हलकी, हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणून मूनलाइट सोनाटाचा पहिला भाग, जो सगळे म्हणतात हळू आहे, सोपा आहे, तो मी सध्या यादीतून काढूनच टाकलाय. सी शार्प मायनर म्हणजे आपली काळी एक, पट्टी ओळखीची, तोंडपाठही होईल, पण त्यात उजव्या हाताची करंगळी वर चाल गाते आणि त्याच हाताची बाकीची बोटं खाली तीन-तीनचा झुला हलवत राहतात, आणि करंगळी वर ऐकू यायला हवी, झुला नको. ते मला येत नाही. एक्सेलमध्ये अजून एक कॉलम वाढला, "एकाच हातात दोन कामं आहेत का". हो असेल तर आत्ता नको.

शोपँ सोडायचा नव्हता म्हणून मिसनी त्याच ओपसमधला सातवा दिला, ए मेजर, फक्त १६ बार. त्यात एकच कॉर्ड एवढा पसरलेला आहे की माझा हात पोचत नाही, जेमतेम सप्तक गाठणारी बोटं माझी. मिस म्हणाल्या, सूर खालून वर मोडून वाजव, एकदम नको, कोणी पोलीस येत नाही. पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायचं, मी याच पीसवर शिकले. आणि मग साती या फ्रेंच संगीतकाराचा जिम्नोपेदी नंबर १, १८८८ चा, डावा हात खाली एक सूर टाकतो आणि मग उडी मारून मधे कॉर्ड, परत खाली, परत मधे. पेटी तीन-साडेतीन सप्तकांची, उजव्या हाताला उड्यांची सवयच नाही तर डाव्याला कुठून? पण हा इतका संथ आहे की उडी मारायच्या आधी खाली बघून घ्यायला वेळ मिळतो. तेच उडीचं काम शोपँच्या ए मायनर वॉल्ट्झमध्ये दुप्पट घाईने येतं. म्हणून आधी साती, मग वॉल्ट्झ. असा क्रम मला कुठल्याच यादीत मिळाला नव्हता, आणि हाच मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला, की एकच अवघड गोष्ट घ्यायची आणि ती ज्यात हळू आहे तो पीस आधी, ज्यात घाईत आहे तो नंतर.

परीक्षेला मी बसले नाही, या वयात कशाला, पण एबीआरएसएमच्या सिलॅबसची एक गोष्ट उचलली. प्रत्येक ग्रेडला तीन याद्या असतात, ए मध्ये साधारण चपळाईचे, बी मध्ये गाणारे, सी मध्ये वेगळ्या वेगळ्या शैलींचे, आणि प्रत्येकीतला एक घ्यायचा. नाहीतर माणूस आपल्याला जमतंय तेच घेत बसतो, मी आयुष्यभर क्लेमेंटी वाजवत राहिले असते. मिसची स्वतःची पद्धत अजून सोपी आहे. एका वेळी तीन पीस, एक डोक्याच्या वर, एक खांद्याएवढा, एक कमरेएवढा. हे सांगताना त्या खरंच हात डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर नेऊन दाखवतात. डोक्यावरचा महिनोन्महिने चालतो, खांद्याएवढा महिन्यात संपायला हवा, आणि कमरेएवढा आठवड्याला नवीन, तो नुसता वाचायला, पाठ करायचा नाही. पेटीवाल्यांना पाठ पटकन होतं आणि मग कागदाकडे बघायचंच बंद होतं, म्हणून हा कमरेएवढा फार महत्त्वाचा.

"सोपी आवृत्ती" म्हणून जे मिळतं ना, मोठ्या पीसची काटछाट करून, ते मी आता घेत नाही. घेऊ नये असं नाही, घरच्यांना ओळखीची चाल ऐकवायला छान आहे. पण त्यात कापतात काय तर नेमका डावा हात! म्हणजे मला जे हवं तेच काढून बाकीचं ताटात. त्यापेक्षा मूळचाच छोटा पीस बरा. आयएमएसएलपी या वेबसाइटवर जुने सगळे फुकट मिळतात, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायचे. तो मला एकदा म्हणाला ताई, हे मुंग्यांचं काय आहे? फक्त जुन्या छापील प्रतींमध्ये संपादकांनी स्वतःच्या मनाने खुणा भरपूर घातलेल्या असतात, बाखवर तर जास्तच, त्यामुळे ज्या पीसबरोबर सहा महिने काढायचेत त्याचं चांगलं पुस्तक विकत घेते. आणि मोझार्टचा के ५४५ या क्रमांकाचा, १७८८ चा, त्याने स्वतः आपल्या वहीत नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवलेला सोनाटा, तो आणलाय आणि कपाटात ठेवलाय. मोझार्टचे नवशिके वेगळे असणार.

सध्या डोक्यावरचा पीस आहे बाखचा इन्व्हेन्शन नंबर १. २२ बार, दोन पानं. हे १५ इन्व्हेन्शन्स त्याने १७२३ मध्ये नीट उतरवून काढले आणि वर लिहिलं की दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिकावं म्हणून. यात साथीला कोणीच नाही. उजवा हात एक छोटीशी तान घेतो, अर्ध्या बारनंतर डावा हात तीच तान खालच्या सप्तकात घेतो, आणि मग दोघांचं असं सुरू होतं की कोण कोणाच्या मागे ते कळू नये. चार महिने झाले. सातव्या बारला डावा हात पुढाकार घेतो तिथे अजून अडखळते. मिस म्हणतात, बाय, परत. मग परत.

गेल्या एकादशीला मंडळात पेटीवर बसले होते, हरिपाठ चालू होता, हाताला सवयीचं काम, डोक्यात तो सातवा बार. मध्येच पखवाजवाले काका वाकून कानाशी म्हणाले, काय गं, आज भाता धापा का टाकतोय? बघते तर डाव्या हाताची बोटं भात्यावर इन्व्हेन्शन वाजवत होती.